काताचे शेवटचे हॉटेल : विमानतळावरून शेअर गाडी की स्वतंत्र गाडी?

पार्श्वभूमी

दादरला सहली ठरवून देणारे माझे छोटे कार्यालय आहे. येथे मांडलेले प्रकरण आमच्याच एका ग्राहक कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे वगळली आहेत आणि एकदोन घरगुती तपशील बदलले आहेत. वेळा आणि रकमा मात्र आमच्या फायलीतून आणि कुटुंबाने परतल्यावर सांगितलेल्या हकिगतीतून घेतल्या आहेत. आमची बाजू झाकण्याचा प्रयत्न केलेला नाही, कारण पहिली चूक आमच्याच कोटेशनमध्ये होती.

कुटुंब मुलुंड पूर्वेचे. आजोबा ७४ वर्षांचे, आजी ७० वर्षांच्या, त्यांचा मुलगा आणि सून, नऊ वर्षांचा नातू, तीन वर्षांची नात आणि मुलांची आत्या, अशी सात माणसे. आजींचे दोन्ही गुडघे दुखरे असल्यामुळे गाडीची उंच पायरी त्यांना जड जाते, आणि नातीला वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी लागते, हे नेरळहून माथेरानला जाताना एकदा सर्वांनी अनुभवले होते. डिसेंबर २०२५ मध्ये नाताळच्या सुट्टीत पाच रात्री थायलंडमधल्या फुकेत बेटावर जायचे ठरले.

तिथल्या पातोंग या गजबजलेल्या किनाऱ्याचा रात्रीचा गोंगाट आजी-आजोबांना नको होता, म्हणून हॉटेल काता किनाऱ्याजवळ घेतले. हा निर्णय चांगलाच होता, पण त्याचा गाडीच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे हे तेव्हा ना कुटुंबाच्या लक्षात आले, ना आमच्या. फुकेतचा विमानतळ बेटाच्या उत्तर टोकाकडे आहे आणि पर्यटकांचे किनारे पश्चिम बाजूने उत्तरेकडून दक्षिणेकडे जवळजवळ एका ओळीत लागतात : बांग ताओ, सुरिन, कमला, पातोंग, कारोन आणि मग काता. विमानतळापासून पातोंग साधारण ३५ किलोमीटर आणि काता साधारण ४५ किलोमीटर. म्हणजे उत्तरेकडून निघालेली सामायिक गाडी वाटेतली हॉटेले करत करत कातापर्यंत पोहोचणार, आणि परतीला काताच्या प्रवाशांना सगळ्यांत आधी उचलून मग इतरांकडे वळणार. काताला उतरणारा प्रवासी दोन्ही वेळा गाडीत सर्वांत जास्त वेळ बसतो, आणि भाडे मात्र पातोंगच्या प्रवाशाइतकेच किंवा थोडे अधिकच देतो.

प्रश्न काय होता

आमच्या धंद्यात सामायिक गाडीला एसआयसी म्हणतात, म्हणजे ‘सीट इन कोच’. गाडी पुरवठादाराची असते, तुम्ही तिच्यातल्या जागा विकत घेता. दुसरा प्रकार प्रायव्हेट, म्हणजे संपूर्ण गाडी तुमची. मुंबईकराला हा फरक शिकवावा लागत नाही, कारण स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षात बसून ‘अजून एक सीट, अजून एक सीट’ ऐकत थांबण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते. फरक इतकाच, की शेअर रिक्षात पंधरा मिनिटांनी कंटाळा आला तर उतरून चालायला लागता येते. परदेशात सामानासह, दोन वृद्ध आणि दोन मुले घेऊन, तो मार्ग उरत नाही.

कुटुंबापुढचा प्रश्न वरवर पाहता पैशाचा होता. सहलीचे अंदाजपत्रक मुलाने ठरवले होते, त्यात विमानाची तिकिटे अपेक्षेपेक्षा महाग पडली होती, आणि उरलेल्या रकमेतून जिथे जिथे काटछाट शक्य आहे तिथे ती करण्याचा त्याचा प्रयत्न होता. आम्ही दिलेल्या कोटेशनमध्ये एसआयसीचा दर एका बाजूच्या प्रवासासाठी माणशी ६५० रुपये आणि प्रायव्हेटचा दर माणशी १,६०० रुपये असा लिहिला होता. मुलाने दोन्हींना सातने गुणले. एसआयसीचे ४,५५० आणि प्रायव्हेटचे ११,२०० रुपये झाले, एका बाजूला ६,६५० रुपयांचा आणि जाऊन-येऊन १३,३०० रुपयांचा फरक. त्याने एसआयसी निवडले, आणि समोर असलेल्या माहितीवर कोणीही शहाण्या माणसाने तेच निवडले असते.

माहितीच चुकीची होती. आमच्या कोटेशनचा साचा मधुचंद्राला जाणाऱ्या जोडप्यांसाठी तयार झालेला आहे, कारण फुकेतला जाणाऱ्या आमच्या ग्राहकांत त्यांचे प्रमाण मोठे आहे. त्या साच्यात प्रायव्हेट गाडी म्हणजे ३,२०० रुपयांची छोटी कार धरली होती आणि ती रक्कम दोन माणसांत वाटली होती. सात माणसांना छोटी कार लागणारच नव्हती. त्यांना लागणारी मोठी व्हॅन संपूर्ण घेतली असती तर एका बाजूचे ४,९०० रुपये पडले असते. म्हणजे खरा फरक ६,६५० रुपयांचा नसून ३५० रुपयांचा होता, माणशी ५०.

हे आमच्या लक्षात आले तेव्हा सहल संपली होती.

या हिशेबात थोडे थांबले पाहिजे, कारण बहुतेक कुटुंबे इथेच फसतात. एसआयसीचा भाव सीटचा असतो आणि प्रायव्हेटचा भाव गाडीचा. माणसे वाढली की पहिला वाढत जातो आणि दुसरा, गाडीचा आकार बदलेपर्यंत, तिथेच राहतो. या दरांत जोडप्याला एसआयसी १,३०० रुपयांना आणि स्वतंत्र कार ३,२०० रुपयांना पडते, म्हणून त्यांच्यासाठी ‘शेअर स्वस्त’ हे म्हणणे खरे आहे. सात जणांना ते जेमतेम खरे उरते आणि आठवा माणूस आला की उलटे होते. दोन्ही भाव ‘माणशी’ या एकाच रकान्यात लिहिले की ही गोष्ट दिसेनाशी होते. त्यात तीन वर्षांच्या नातीचीही पूर्ण सीट धरली जाते, हा मुद्दाही लहान मुले असलेल्यांनी विसरू नये.

कोणते पर्याय तपासले

दादरच्या कार्यालयातील बैठकीला मुलगा आणि आत्या आले होते. चर्चेत चार पर्याय निघाले.

दोन्ही बाजूंना एसआयसी हा पहिला आणि दोन्ही बाजूंना प्रायव्हेट हा दुसरा, ज्याची किंमत वर सांगितल्याप्रमाणे फुगलेली दिसत होती. तिसरा पर्याय आत्याने मांडला : आई-बाबा आणि छोटी यांना घेऊन वहिनीने स्वतंत्र छोट्या गाडीने जावे आणि बाकीच्यांनी एसआयसीने यावे. कल्पना विचारी होती, पण अनोळखी देशात, रात्रीच्या जागरणानंतर, घर दोन गाड्यांत विभागायला मुलगा तयार झाला नाही. “दादा, तुला उगाच काळजी,” असे आत्या म्हणाली, पण तिने आग्रह धरला नाही. चौथा पर्याय तिथे उतरून ग्रॅब ॲपवर गाडी बोलावण्याचा होता. सात माणसे आणि मोठ्या बॅगा यांसाठी एक मोठी गाडी मिळेल याची खात्री नव्हती, आणि दोन गाड्या म्हणजे पुन्हा विभागणी आली, म्हणून तोही मागे पडला. विमानतळावरून पश्चिम किनाऱ्याने जाणारी स्मार्ट बस आहे हे मी सांगितले होते, पण आजींचे गुडघे पाहता मीच तिची शिफारस केली नाही. पाठीवर एक पिशवी घेऊन जाणाऱ्या तरुणाला मात्र ती बस मी पहिल्यांदा सुचवतो.

एक पर्याय चर्चेत आलाच नाही. विमान सकाळी साडेसातला उतरणार होते आणि हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळणार होती. मधले साडेसहा तास कसे घालवायचे, हा प्रश्न गाडीच्या प्रश्नाहून मोठा होता. गाडी लवकर पोहोचली म्हणून खोली लवकर मिळत नाही. एका खोलीचा लवकर ताबा मागून, त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागले तरी ते देऊन, आजी-आजोबा आणि मुलांना आडवे होता आले असते. गाडीवर दीड तास चर्चा झाली आणि यावर एक वाक्यही नाही.

मुंबईहून निघताना

मुंबईतला टप्पा थोडक्यात सांगतो, पण सांगणे आवश्यक आहे. विमान रात्री दीडचे, छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या टर्मिनल २ वरून. मुलुंडहून अंतर वीसएक किलोमीटर. सात माणसे सामानासह एका इनोव्हात मावत नाहीत, म्हणून आजोबांनी सोसायटीतल्या ओळखीच्या गाडीवाल्याकडून दोन गाड्या सांगितल्या आणि रात्री साडेनऊला, म्हणजे विमानाच्या चार तास आधी, सगळ्यांना घराबाहेर काढले. “जेव्हीएलआरचा काही भरवसा नाही,” हे त्यांचे कारण, म्हणजे वाटेतल्या जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचा. प्रत्यक्षात रस्ता मोकळा मिळाला आणि सर्वजण वेळेच्या खूप आधी पोहोचले, याबद्दल त्यांना सुनेचे आणि मुलीचे टोमणे ऐकावे लागले.

येताना काय घडले

विमान थायलंडच्या वेळेनुसार सकाळी साडेसातला उतरले. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, त्यामुळे अंगातली वेळ पहाटे सहाची होती आणि मुले झोपेतून उठवलेली. पासपोर्ट तपासणीची रांग आणि बॅगा यांत सत्तर मिनिटे गेली. पावणेनऊच्या सुमारास कुटुंब बाहेर आले, तेव्हा नावांच्या पाट्या घेऊन उभ्या असलेल्या गर्दीत पुरवठादाराचा माणूस सापडायला फार वेळ लागला नाही. त्याने यादी पाहिली, सात नावांवर खुणा केल्या आणि आणखी चार प्रवासी यायचे असल्याचे सांगितले.

त्या चारांपैकी दोघे मित्र नंतरच्या विमानाने उतरणार होते. उरलेले जोडपे याच विमानातले होते, पण ते आतच अडकले होते. थायलंडने १ मे २०२५ पासून परदेशी प्रवाशांना डिजिटल अरायव्हल कार्ड आगाऊ भरणे बंधनकारक केले आहे. ते ऑनलाइन आणि विनामूल्य भरता येते, पण या जोडप्याने भरले नव्हते, आणि आता ते रांगेबाहेर उभे राहून मोबाइलवर हॉटेलचा पत्ता शोधत माहिती भरत होते. आमच्या कुटुंबाची कार्डे आम्ही निघण्याच्या दोन दिवस आधी भरून छापून दिली होती, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. शेअर गाडीत आपली तयारी कितीही चोख असली तरी गाडी सुटते ती सर्वांत कमी तयारीच्या प्रवाशाच्या वेळेला. आजोबा मुलाला म्हणाले ते वाक्य मला सुनेने हसत सांगितले, पण त्या वेळी कोणी हसले नव्हते : “अरे, ही शेअर रिक्षाच की. फक्त एसी आहे.”

व्हॅन ९.५० ला हलली. वाटेत ती एका सहल विक्रीच्या कार्यालयासमोर थांबली, जिथे ‘हॉटेलचे पत्ते नीट लिहून घेण्यासाठी’ सर्वांना आत बोलावण्यात आले आणि बेटांच्या सहलींचे अल्बम पुढे ठेवण्यात आले. वीस मिनिटे तिथे गेली. त्या बदल्यात आजींना स्वच्छतागृह मिळाले, हे आजींनीच नमूद करायला सांगितले आहे. पुढे पातोंगमध्ये दोन हॉटेले होती. पहिल्याचा बोळ इतका अरुंद, की व्हॅन तोंडाशीच थांबली आणि चालक बॅगा ओढत आत गेला. पातोंगहून दक्षिणेकडे निघाल्यावर टेकडीची वळणे लागली आणि नातीला ओकारी झाली. बाकीचे प्रवासी उतरलेले असल्यामुळे निदान संकोचाचा प्रसंग टळला. काताच्या हॉटेलात पोहोचेपर्यंत १२.३५ झाले होते.

स्वतंत्र व्हॅन असती तर ती नऊच्या सुमारास निघून साडेदहापर्यंत पोहोचली असती, असा माझा अंदाज आहे. म्हणजे दोन तास वाया गेले. कुटुंबाची तक्रार याच दोन तासांची होती, आणि पहिल्या फोनवर मुलगा बराच तापलेला होता. “साहेब, साडेसहा हजार वाचवले आणि आईचे हाल केले,” असे तो म्हणाला. मी माफी मागितली. पण माफी मागतानाही मनात एक हिशेब चालू होता, जो त्याच्यासमोर मांडण्याची ती वेळ नव्हती : साडेदहाला पोहोचले असते तर खोलीसाठी लॉबीत साडेतीन तास बसावे लागले असते. लॉबीतला सोफा व्हॅनच्या सीटपेक्षा बरा, आणि छोटीला वळणांवर थांबत थांबत नेता आले असते, हे खरे. तरीही कुटुंबाचा जो थकवा होता तो गाडीमुळे जितका होता, तितकाच रात्रीच्या विमानामुळे आणि दुपारी दोनच्या खोलीमुळे होता. गाडी डोळ्यांसमोर होती, म्हणून सगळा राग गाडीवर निघाला.

परतीचा निर्णय

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा हा आहे.

परतीचे विमान संध्याकाळी ८.४० चे होते. एसआयसीचा निरोप आदल्या दिवशी आला : दुपारी पावणेचारला हॉटेलच्या दारात तयार राहा. विमानाच्या जवळजवळ पाच तास आधी! येतानाचा अनुभव ताजा असल्याने घरात एकमत व्हायला दोन मिनिटेही लागली नाहीत. “पुन्हा त्या गाडीत मी बसणार नाही,” असे सून म्हणाली, आणि आजींनीही मान डोलावली. मुलाने हॉटेलच्या काउंटरवरून १,८०० बाथला, म्हणजे त्या वेळच्या दराने पाच हजारांच्या थोडे वर, स्वतंत्र व्हॅन सांगितली. एसआयसीचे ४,५५० रुपये आगाऊ भरलेले होते आणि इतक्या उशिरा ते परत मिळणार नव्हते. मुलाने मला फोन केला तेव्हा मी एवढेच म्हणालो, की आरामात या, पैशाचे नंतर बघू.

मी काय विचारायला हवे होते? ‘किती वाजता निघणार?’ हे. ते मी विचारले नाही.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने साडेचारला निघा असे सुचवले होते. मुलाने पाच ठरवले. खोली बाराला सोडलेली होती, पण हॉटेलने पोहण्याचा तलाव वापरू दिला होता आणि नातू पाण्यातून निघेना. व्हॅन पाचला दारात आली, बॅगा चढवून आणि आजींना पुढच्या सीटवर बसवून निघायला सव्वापाच झाले. डिसेंबरअखेर म्हणजे फुकेतचा ऐन हंगाम, आणि वेळ संध्याकाळच्या गर्दीची. चालकाने टेकडी टाळून चालोंगच्या बाजूचा रस्ता घेतला, तरी वाहने मुंगीच्या पावलांनी सरकत होती. व्हॅन विमानतळावर ७.०५ ला पोहोचली. विमान कंपनीचा काउंटर उड्डाणाच्या साठ मिनिटे आधी, म्हणजे ७.४० ला बंद होणार होता.

सामान ७.३० ला आत गेले. आजींसाठी व्हीलचेअर आम्ही आठवडाभर आधी नोंदवली होती, पण ती आणणारा कर्मचारी तोपर्यंत दुसऱ्या प्रवाशाला घेऊन गेला होता आणि परत येईपर्यंत थांबण्याइतका वेळ हातात नव्हता. आजी पासपोर्ट तपासणीच्या रांगेतून गेटपर्यंत मुलाच्या आणि आत्याच्या आधाराने चालत गेल्या. विमान मिळाले. मुंबईला उतरल्यावर त्यांचे गुडघे इतके सुजले होते, की पुढचे आठ दिवस त्यांचे घरातले फिरणेही अवघड झाले.

नंतर मी पुरवठादाराला विचारले, की त्या दिवशीची एसआयसी व्हॅन किती वाजता पोहोचली. उत्तर आले : ६.१०. कातापासून सुरुवात करून कारोन आणि पातोंगची हॉटेले घेत, सुमारे अडीच तास फिरत, ती आमच्या कुटुंबाच्या स्वतंत्र गाडीपेक्षा ५५ मिनिटे आधी विमानतळावर होती.

यात जादू काही नाही. शेअर गाडीचा मालक रोज त्या रस्त्यावर असतो, त्याच्या गाडीत चारपाच विमानांचे प्रवासी असतात, आणि एकाचे विमान चुकले तरी तक्रार त्याच्या दारात येते, म्हणून तो सर्वांत आधीच्या विमानाला धरून, वर भरपूर वेळ राखून, गाडी सोडतो. ज्याला आपण ‘उगाच लवकर’ म्हणतो तो त्याच्या अनुभवाचा भाग आहे. स्वतंत्र गाडी घेतली की ही जबाबदारी त्याच्याकडून काढून आपण आपल्याकडे घेतो, आणि बहुधा घेतली आहे हे आपल्याला कळतही नाही. व्हॅनचा चालक पाचला बोलावला तर पाचला येतो. तुम्ही चुकीची वेळ सांगितली आहे, असे तो परक्या भाषेत तुम्हाला का सांगेल?

आणि वेळ सांगणारे तरी कोण होते? आजोबांनी वीस किलोमीटरच्या, रोजच्या पाहण्यातल्या रस्त्यासाठी चार तास राखले होते. तेच कुटुंब ४५ किलोमीटरच्या अनोळखी रस्त्यासाठी तीन तास पंचवीस मिनिटे राखून निघाले. आजोबांना मी हे विचारले तेव्हा ते म्हणाले, “तिथला रस्ता मला ठाऊक नव्हता, मग मी काय बोलणार? मुलगा म्हणाला पाच, मी म्हटलं बरं.” मुलुंडमध्ये त्यांचा शब्द चालला तो रस्ता ठाऊक असल्यामुळे. काताला तसा शब्द फक्त काउंटरवरच्या मुलीचा होता, आणि तो सुचवणीसारखा घेतला गेला.

परिणाम आणि हिशेब

येतानाच्या एसआयसीचे ४,५५०, परतीच्या न वापरलेल्या एसआयसीचे ४,५५० आणि परतीच्या व्हॅनचे पाच हजारांच्या वर, असे मिळून कुटुंबाचे १४ हजारांहून अधिक खर्च झाले. दोन्ही बाजूंना सुरुवातीपासून स्वतंत्र व्हॅन घेतली असती तर ९,८०० पडले असते. काटकसरीसाठी निवडलेला पर्याय चार हजारांहून अधिक महाग पडला, आणि त्यातला मोठा वाटा आमच्या कोटेशनच्या साच्याचा होता. परतीच्या न वापरलेल्या सीटचे पैसे आम्ही कार्यालयाच्या खात्यातून परत केले. येतानाचे केले नाहीत, कारण ती सेवा त्यांनी वापरली होती आणि दराची चूक नसती तरी दोन तासांचा फरक तसाच राहिला असता. मुलाला हे पूर्ण पटले असे मी म्हणणार नाही.

आज हेच प्रकरण आले तर

कोटेशनमधला ‘माणशी’ हा रकाना गाड्यांपुरता आम्ही काढून टाकला आहे. आता तिथे संपूर्ण गटाची रक्कम लिहिली जाते, आणि त्याखाली गाडीचा प्रकार व तिच्यात सामानासह किती माणसे मावतात ते. या एका बदलाने निम्मे वाद मिटतात, असा आतापर्यंतचा अनुभव आहे.

या कुटुंबाला मी आज येताना स्वतंत्र व्हॅनच सुचवली असती. कारण वेळेचे नाही, छोटीच्या पोटाचे आणि आजींच्या गुडघ्यांचे आहे : हवे तिथे थांबता येणे आणि पायरी कमी उंच असलेली गाडी आधी मागून घेता येणे. लहान मुलासाठी आसन हवे असेल तर तेही आधी सांगावे लागते, आणि शेअर गाडीत ते मिळण्याची आशा धरू नये. स्वतंत्र गाडीचा चालकही अनंत काळ थांबत नाही. तो विमान उतरल्यापासून ठरावीक वेळ फुकट थांबतो आणि पुढे पैसे लावतो, म्हणून ती मर्यादा व्हाउचरवर लिहून घ्यावी. व्हॅनसोबत एका खोलीचा लवकर ताबाही मी सुचवला असता, आणि दोन्हींपैकी एकालाच पैसे पुरत असतील तर खोलीला पुरवा, असे सांगितले असते.

परतीला मात्र मी एसआयसी सुचवली असती, हे ऐकून कुटुंबाला आजही आश्चर्य वाटते. खोली बाराला सुटलेली, विमान रात्रीचे, मधल्या वेळात जायला कुठली जागा नाही. पावणेचारला निघून सहाला विमानतळावर बसण्यात त्यांचे गमावण्यासारखे काय होते? तलावातला एक तास. येताना थांबण्याची किंमत थकलेल्या शरीरांनी मोजली असती, परतीला ती जवळजवळ शून्य होती, आणि परतीला उशीर होण्याची किंमत सात तिकिटांची होती. स्वतंत्र गाडीच हवी असा त्यांचा आग्रह राहिला असता तर माझी एकच अट असती : निघण्याची वेळ एसआयसीच्या वेळेहून फार तर एक तास पुढची, आणि ती गाडी सांगतानाच लिहिलेली.

माझ्या बाजूने पाहिले तर खरा निर्णायक क्षण तो फोन होता. ग्राहक रागावलेला असताना त्याच्या हो ला हो म्हणणे सोपे असते. ‘आरामात या’ हे वाक्य मी त्याला बरे वाटावे म्हणून बोललो, आणि त्यातला ‘आरामात’ हा शब्द त्याने शब्दशः घेतला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. एसआयसीच्या पुरवठादाराकडून आम्ही आता हॉटेलचा क्रम आणि विमानतळावर जास्तीत जास्त किती वेळ थांबवणार हे आगाऊ विचारतो. क्रम बहुधा कळतो. थांबण्याच्या वेळेबद्दल लेखी उत्तर मिळत नाही, कारण दुसऱ्या विमानाच्या उशिरावर त्याचा ताबा नाही, आणि तो ते खरेच सांगतो आहे हे मला मान्य करावे लागते.

मे महिन्यात कुटुंबाला केरळला जायचे आहे. कोचीचे विमानतळ आणि मुन्नारचा घाट, म्हणजे छोटीच्या पोटाचा प्रश्न पुन्हा आलाच. मागच्या आठवड्यात फोन आला तो मुलाचा नव्हता, आजोबांचा होता. गाडी स्वतंत्रच हवी हे त्यांनी आधीच ठरवले होते आणि त्याबद्दल त्यांना काही विचारायचे नव्हते. “परतीच्या दिवशी मुन्नारहून किती वाजता निघायचं ते तेवढं तुम्ही कागदावर लिहून द्या,” ते म्हणाले, “आणि तो कागद मुलाकडे नको, माझ्याकडे द्या.”